हाताला यश

"बाटली आधी हुंगायची. मग धुवायची, मग उन्हात वाळवायची, मग परत हुंगायची. आणि खाण्यापिण्याच्या बाटलीत आपला माल भरायचा नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी नाही, रुसून गेलं तरी नाही."

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी फिनेलकाकूंनी नरसाळं हातात घेतलं की त्यांचा आवाज मागच्या अंगणात पहिला हजर असायचा. सासूबाई होत्या जेमतेम चार फूट उंच, पण आवाज असा की पिंपातलं फिनेलही निमूट बाटलीत उतरावं.

काकूंनी आजची शेवटची बाटली भरली, बूच दाबलं आणि तिच्या गळ्याला लाल चिंधी बांधली. ॲसिडच्या बाटलीला लाल चिंधी ही त्यांची स्वतःची पद्धत, सासूबाईंच्या काळात ती नव्हती. पांढऱ्या फिनेलला चिंधी नाही, ब्लीचिंग पावडर जाड पुड्यात, धुण्याचा सोडा पिशवीत. पिशव्या दोन खांद्यांना दोन. गेली पस्तीस वर्षं त्या याच चार गल्ल्या फिरत होत्या, आणि माल विकण्यापेक्षा बोलण्यातच त्यांचा जास्त वेळ जात होता.

"नळावरचा पांढरा थर जात नाही हो काकू."

"व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून नळाला गुंडाळा, तासभर विसरून जा. घासत बसू नका, नळ झिजेल आणि थर तसाच राहील."

"मोरी तुंबलीय."

"गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून बघा आधी. आणि एक ऐका, ब्लीच आणि ॲसिड एका जागी ओतू नका. दोघांचं पटत नाही. भांडतात ते आणि छातीत आपल्या धरतं."

"दुकानात सुवासिक मिळतं आता, काकू. जांभळ्या रंगाचं."

"घ्या की. मोरीला रंगाचं कौतुक असेल तर जरूर घ्या."

अशा त्या. मुलगा म्हणायचा, आई, आता बस कर, खांदे गेले तुझे. त्या म्हणायच्या, खांदे गेले तर जाऊ देत, पाय आहेत ना.

पण आज पिशव्या भरून तयार असूनही त्या निघाल्या नव्हत्या. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. वर्षातला हा एक दिवस त्या निरंकार काढत, आणि घरात कुणी विचारलं तर पोट बरं नाही म्हणत. रोजचाही त्यांचा एक नेम होता. उठल्यावर, तोंडात पाणी घालण्याआधी, डोळे मिटून एका पोरीच्या घशासाठी प्रार्थना करायची. अठ्ठावीस वर्षांत त्यात खंड नव्हता. आंबट चवीला तर त्यांनी तेव्हापासून जीभ लावली नव्हती.

दाराची कडी वाजली. दरवर्षी याच दिवशी, साधारण याच वेळी, मीटरवाले भाऊजी फळांची पिशवी घेऊन दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत. पिशवी पुढे करायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमच्यामुळे माझी पोर आहे." मग मान खाली घालून निघून जायचे. ती फळं काकूंनी कधी खाल्ली नाहीत. ते कोपऱ्यावरून वळले की पिशवी कुणाच्या तरी दारात जायची.

आज दारात भाऊजी नव्हते. त्यांची लेक होती.

"बाबांना जिना उतरवत नाही आता," चिमणी म्हणाली. "गुडघे. म्हणाले, तारीख चुकायला नको, ताईंनाच घेऊन ये. तर चला."

चिमणीचा आवाज बसका होता. बसका म्हणजे सर्दीने बसतो तसा नाही. वाळूवरून कुणी पाय ओढत चालावं तसा, आणि जास्त बोलली की नुसतीच हवा. चौथ्या वर्षापासून तिचा हाच आवाज. ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा ती सगळ्यांना सांगत फिरली होती की मुलाखत द्यावीच लागली नाही, 'बसू का' विचारलं आणि त्यांनी नेमणूक केली.

"बाळ कुणाकडे?" काकूंनी विचारलं.

"बाबांच्या मांडीवर. सात महिन्यांची झाली. आवाज माझा सोडून बाकी सगळ्यांचा घेतलाय. नवरा म्हणतो, घरात एक तरी ऐकू येणारं माणूस हवं होतं."

काकू हसल्या. हसताना त्यांच्या नेहमीप्रमाणे मनात आलं की ही पोर आपल्यासमोर इतकी मोकळी हसते ती आपल्याला ओळखत नाही म्हणून.

*

अठ्ठावीस वर्षांपूर्वी काय झालं होतं ते दोनच माणसांना ठाऊक होतं.

चिमणीच्या आईने, शिवणवाल्या वहिनींनी, न्हाणीघराच्या फरशीसाठी ॲसिड मागितलं होतं. पाहुणे यायचे होते, आजच हवं होतं. काकूंचा नवरा तापाने फणफणलेला, धाकटी कडेवर, थोरला पायात. ॲसिडच्या जाड तपकिरी बाटल्या संपलेल्या. कोपऱ्यात लिंबाच्या सरबताची एक रिकामी बाटली होती. काकूंनी ती उचलली. सासूबाईंचा आवाज आला नाही असं नाही. आला होता. काकूंनी तो ऐकून सोडून दिला.

"आजच वापरून टाका वहिनी. उरलं तर संध्याकाळी येऊन बाटली नेते मी."

संध्याकाळी नवऱ्याचा ताप चढला, आणि त्या गेल्या नाहीत.

वहिनींनी उरलेली बाटली न्हाणीघराच्या उंच खिडकीत, अगदी मागे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणी बादली उपडी घालून तिच्यावर चढली. बाटलीवर पिवळ्या लिंबाचं चित्र होतं. एकच घोट.

काकू तेव्हा त्याच गल्लीत होत्या. किंकाळी ऐकून धावल्या. वहिनी पोरीच्या घशात बोटं घालून उलटी काढायला निघाल्या होत्या. काकूंनी त्यांचा हात धरला. "उलटी नको. जाताना जेवढं भाजलंय तेवढंच येताना भाजेल. तोंड धुवा आणि चला दवाखान्यात." पोरीला उचलून त्या स्वतः धावल्या. डॉक्टर म्हणाले, उलटी काढली नाहीत हे फार बरं केलंत. ते वाक्य तासाभरात गल्लीभर झालं. फिनेलवालीने पोर वाचवली.

भाऊजी कामावरून तसेच धावत आले. मीटर वाचायची वही अजून काखेत होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी एकच विचारलं, "सरबताच्या बाटलीत हे कुणी भरलं?"

काकू तिथेच होत्या. एक मूल कडेवर, एकाचं बोट हातात. त्यांनी तोंड उघडलं. त्याआधी वहिनी म्हणाल्या, "मी. मोठी बाटली गळत होती, म्हणून मी ओतून ठेवलं."

नंतर जिन्यावर दोघीच असताना काकू रडू लागल्या, तेव्हा वहिनींनी त्यांच्या कडेवरच्या पोरीचं नाक स्वतःच्या बाहीने पुसलं. "त्यांनी तुमचं नाव ऐकलं असतं तर तुमचा धंदा आजच बसला असता. घरी माणूस अंथरुणात. ही दोन तोंडं काय खातील? माझं मी सोसेन. तो माझा नवरा आहे, चार दिवस बोलेल."

"पोरं मार्गी लागली की मी स्वतः जाऊन भाऊजींना सांगेन," काकू म्हणाल्या. "शब्द आहे माझा."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी वहिनींना चार दिवस काय, एक दिवसही टाकून बोलले नाहीत. ते कधी ओरडलेही नाहीत. तीन महिने दवाखान्याच्या फरशीवर झोपले, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या कपाटाला त्यांनी कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या खिशात. दूध तापलं की ते हुंगायचे. पोरीच्या पेल्यातलं पाणी आधी स्वतः चाखायचे. वहिनींनी काही वाढलं की त्यांचं नाक पुढे. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि ती भीती त्याच्या अंगातून नंतर कधी निघालीच नाही. वहिनी गल्लीभराचे कपडे शिवायच्या, लोक डोळे मिटून त्यांच्या हाती भारी कापड सोपवायचे, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांना मीठ काढायला किल्ली मागावी लागायची.

काकूंचा थोरला कामाला लागला, त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. धाकटीचं लग्न होऊन अकरा. पोरं मार्गी लागली होती. पण दरवर्षी काहीतरी निघायचं. एका वर्षी भाऊजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन, एका वर्षी चिमणीचं लग्न, असल्या वेळी कशाला. नेम मात्र एकही चुकला नव्हता. पहाटेची प्रार्थना, आंबट वर्ज्य, वर्षाचा उपास. काकूंना कधीकधी पहाटे लख्ख कळायचं की नेम पाळणं सोपं आहे, म्हणूनच आपण ते पाळतो. मग त्या उठून कामाला लागायच्या.

*

"या ताई, या." भाऊजी खुर्चीतून उठायला लागले.

"बसा हो, बसा."

पण ते उठलेच. खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले, फळांची पिशवी पुढे केली, हात जोडले. मांडीवरची नात आता चिमणीच्या कडेवर गेली होती आणि तिथून आजोबांच्या चष्म्याकडे झेपावत होती. "ताई, तुमच्यामुळे माझी पोर आहे," ते म्हणाले. मग बाळाकडे बघून थांबले. "आणि आता हीसुद्धा."

काकूंनी पिशवी घेतली.

"वहिनी कशा आहेत?"

"पडून आहे. या खेपेला निभावलं म्हणाले डॉक्टर, पुढच्या खेपेचं सांगता येत नाही. जा आत, तुम्हाला बघून बरं वाटेल तिला." आणि मग आवाज खाली आणून, "गोळ्या मीच देतो. तिच्या हाताशी काही ठेवत नाही. काय कुठल्या डबीत घालेल, नेम नाही."

आतल्या खोलीत वहिनी खिडकीशी पडल्या होत्या. शिवणयंत्रावर चादर घातली होती. काकूंना बघून त्या उशीला टेकून बसल्या.

"उपाशी आलात ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"तोंड वाळलंय. दरवर्षी वाळतं." वहिनी हसल्या. "देवाला सांगा, वहिनीने उपास सोडवला. त्या तांब्यातलं पाणी घ्या."

काकूंनी पाणी घेतलं नाही. पलंगाच्या कडेला बसल्या. बाहेर भाऊजींच्या टीव्हीवर कुणीतरी बातम्या सांगत होतं.

"वहिनी, मी सांगणार होते."

"मला ठाऊक आहे."

"पोरं कधीचीच मार्गी लागली."

"तेही ठाऊक आहे. दोघांच्या लग्नाचे कपडे मीच शिवले." वहिनींनी काकूंच्या हातावर हात ठेवला. बोटांना सुईचे जुने घट्टे तसेच होते. "आता राहू दे ताई. संपत आलं. त्या माणसाने उभ्या जन्मात एकाच माणसाचे उपकार मनापासून मानले. वर्षातून एकदा हात जोडतो, त्याला बरं वाटतं. ती जागा म्हातारपणी कशाला काढून घ्यायची? मी सोडलं तुम्हाला त्या शब्दातून."

काकूंचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. खांद्यांवरून दोन्ही पिशव्या एकदम कुणीतरी उतरवून घ्याव्यात तसं झालं, आणि पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

चिमणी बाळाला आणि एका वाटीला घेऊन आत आली. वाटीत कुस्करलेलं केळं होतं. "बसा गं म्हाताऱ्यांनो, महाराणींची जेवणाची वेळ झाली." तिने बाळाला पलंगावर, आजीच्या कुशीला टेकवून बसवलं. बाळाने आजीच्या बाहीचं बटण पकडलं आणि तोंडात घालायचा प्रयत्न चालवला. वहिनींचा चेहरा असा झाला की आजारपण कुठे गेलं ते कळू नये.

तेवढ्यात चिमणीचा फोन वाजला. "ग्रंथालयातून आहे. किल्ल्यांचं काहीतरी. आलेच." तिने वाटी स्टुलावर ठेवली आणि फोन कानाला लावून मागच्या गॅलरीत गेली.

वाटी वहिनींपासून हातभर अंतरावर होती. बाळ वाटीकडे बघत होतं, ओठ मिटत होतं, उघडत होतं. वहिनींनी वाटीला हात लावला नाही. त्यांचा हात उचलला गेला, तो बाळाच्या पाठीवर गेला आणि तिथेच थोपटत राहिला.

"भरवा की," काकू म्हणाल्या.

"नको. माझ्या हातचं काही देत नाहीत तिला. पहिल्या दिवशीच सांगितलं त्यांनी." वहिनी हे अगदी साधेपणाने म्हणाल्या, पाऊस थांबला म्हणावं तसं. "त्यांचंही बरोबर आहे. धास्ती बसलीय. चिमणीलाही त्यांचं मन मोडवत नाही."

"एकदाही नाही?"

"घेते की मी. मांडीवर घेते, झोपवते. भरवायचं तेवढं नाही." मग बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत, "सवय झाली हो. पण हिने असं तोंड उघडलं ना, की हात आपोआप पुढे जातो. मग आवरायचा."

बाळाने एक हुंकार दिला. बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला.

"चिमणे," भाऊजींनी बसल्या जागेवरून विचारलं, "बाळ कुणाकडे आहे?"

गॅलरीतून बसक्या आवाजाचं उत्तर तिथवर पोचणं शक्य नव्हतं. वहिनींनीच सांगितलं, "माझ्याजवळ आहे. ताई आहेत इथे."

"वाटी?"

"स्टुलावर."

मग भाऊजींचा आवाज आला, मऊ, जवळजवळ लाडाचा. "ताई, तुम्हीच भरवा तिला. तुमच्या हाताला यश आहे."

वहिनींनी काकूंकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. भरवा, म्हणजे. वाटी उचलून देण्यासाठीही त्यांनी हात पुढे केला नाही.

काकूंनी वाटी उचलली. चमच्याच्या टोकावर केळं घेतलं. बाळाने चमचा येताना पाहिला आणि एवढंसं तोंड उघडलं, पूर्ण, आतपर्यंत. खालच्या हिरडीला दोन पांढरे ठिपके. मागे गुलाबी, ओला, कोवळा घसा.

काकूंचा हात तिथेच थांबला. याच हाताने त्यांनी नरसाळं धरलं होतं. बाटली पुसून दिली होती, चांगली दिसावी म्हणून. तेव्हाही एक तोंड असंच विश्वासाने उघडलं असणार.

बाळ वाट बघत होतं. चमचा पुढे येत नाही असं दिसल्यावर त्याचा खालचा ओठ वळायला लागला.

काकूंनी चमचा वाटीत ठेवला. मग वहिनींचा उजवा हात उचलला, उताणा केला, त्यात वाटी ठेवली आणि त्यांची बोटं स्वतःच्या हाताने वाटीभोवती मिटवली.

"भरवा तुम्ही."

"अहो, ते बोलतील."

"बोलू देत. मी जातेच आहे त्यांच्यासमोर."

वहिनींना समजायला वेळ लागला नाही. "ताई, मी सोडलं म्हटलं ना तुम्हाला. नका जाऊ."

"तुम्ही सोडलंत," काकू म्हणाल्या. "मी कुठे सोडलंय?"

त्या उठल्या. गेल्या पस्तीस वर्षांत त्या किती चालल्या असतील याला गणती नव्हती, आणि पलंगापासून बाहेरच्या खोलीपर्यंत फार तर दहा पावलं होती. तिसऱ्या पावलाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. स्वयंपाकघराच्या दारातून कुलूप लावलेलं कपाट दिसत होतं. त्या तिथे थांबल्या नाहीत, थांबलं तर पुढच्या वर्षावर जाईल हे त्यांना ठाऊक होतं.

भाऊजींनी त्यांना बघताच खुर्चीचे हात धरले. "काय हवंय ताई? गरम पाणी? मी देतो ना."

"काही नको. बसा तुम्ही." काकूंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून बरोबर त्यांच्यासमोर आणली. इतक्या वर्षांत त्या या घरात त्यांच्यासमोर कधी बसल्या नव्हत्या. "भाऊजी, टीव्ही जरा बंद करता? आणि चिमणीला बोलवा. तिलाही ऐकायला हवं."

भाऊजी गोंधळले, पण त्यांनी टीव्ही बंद केला. चष्मा सारखा केला. गॅलरीच्या दिशेने लेकीला हाक मारली, आणि तिची पावलं येईपर्यंत काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. घर एकदम शांत झालं होतं. आतल्या खोलीतून बाळाचा आवाज येत नव्हता. तोंडात घास असला की बाळं गप्प असतात.